प्लिकर्सची कार्डं आठ महिने वर्गात वापरली, त्याचा अनुभव

जूनपासून माझ्या पाचवीच्या वर्गात प्लिकर्स वापरतेय, आता फेब्रुवारी संपत आला. परवा शिक्षण परिषदेत दोघी-तिघींनी विचारलं की खरंच उपयोग होतो का हो, चहाच्या सुट्टीत काही ते सांगून होईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हे की यात मुलांकडे मोबाईल, टॅब काहीच लागत नाही. प्रत्येकाला कागदाचं एक कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखं काळं-पांढरं चित्र आणि चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटलं की बीची कड वर करून कार्ड धरायचं, मी माझ्या मोबाईलवरच्या प्लिकर्स ॲपचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणाचं बरोबर कोणाचं चूक ते नावासकट दिसतं. शेजारच्याचं कार्ड बघून काही कळत नाही कारण प्रत्येकाचं चित्र वेगळं असतं. ४० कार्डांचा संच साइटवरून फुकट मिळतो, माझा पट ३१, हजेरी नंबर तोच कार्ड नंबर.

आता मी याकडे वळले कशी ते. दरवर्षी जूनमध्ये टाचण वहीच्या, म्हणजे पाठांच्या तयारीच्या वहीच्या, पहिल्या पानावर मी वर्षाचं उद्दिष्ट लिहिते, जुन्या वह्या अजून जपून ठेवल्यात. २०१६ च्या वहीत लिहिलंय, "आठवड्याला किमान तीन पाठ प्रोजेक्टरवर." तेव्हा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचं वारं होतं, आमच्या गावानं लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर दिला, त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझं उद्दिष्टच मुळात यंत्र किती वेळा चालू केलं याचं होतं, मुलं अंधारात टक लावून बघायची आणि मला वाटायचं समजलं सगळ्यांना. २०२० च्या वहीत आहे, "प्रत्येक घरी अभ्यास पोचला पाहिजे." शाळा बंद, घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर रानात, त्यामुळे रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर वह्यांचे फोटो यायचे, दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरच्या लिंक पाठवायच्या. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी ओळखल्या जाणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पुस्तकातल्या त्या एवढ्याशा क्यूआर कोडकडे मी तेव्हा नव्यानं बघितलं. यंदाच्या पानावर एकच ओळ आहे, "घरी जाताना मला माहीत पाहिजे, आज कोणाला काय अडलं." ही ओळ लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ऑगस्टमधला एक दिवस सांगते. दशांश अपूर्णांक शिकवून झाले होते, फळ्यावर विचारलं की कळलं का, सगळे एका सुरात हो बाई. मग कार्डं काढली, प्रश्न साधा, ३.४ मोठा की ३.१५? स्कॅन केलं तर ३१ पैकी २२ जणांनी ३.१५ ची कड वर धरलेली, कारण १५ हे ४ पेक्षा मोठे. हो म्हणणारी हीच मुलं. आणि ज्यांचं बरोबर आलं त्यात एक मुलगी होती जी वर्षभर हात वर करत नाही, विचारलं तर पदराशी खेळावं तशी ओढणीशी खेळत उभी राहते. मी जवळ जाऊन विचारलं, कसं गं काढलंस? म्हणाली, "बाई, डेअरीवर ३.४ म्हणजे तीन लिटर चारशे, अन् ३.१५ म्हणजे तीन लिटर दीडशे." ती रोज सकाळी आजोबांबरोबर दूध घालायला जाते. दुसऱ्या दिवशी मी मुलांना घरातल्या डेअरीच्या पावत्या आणायला सांगितल्या आणि दोन तास फक्त पावत्यांवर शिकवलं, फोन पर्समध्येच होता. शनिवारी परत तसाच प्रश्न टाकला तेव्हा चुकणारे पाच राहिले, त्या पाचांना घेऊन बसता आलं.

यातली खरी मेहनत पर्याय लिहिण्याची आहे. सुरुवातीला मी कसेही चुकीचे पर्याय टाकायचे आणि मुलं ते सहज वगळायची. आता ०.५ + ०.२५ असं असेल तर ०.७५ बरोबर ०.३० हवाच, कारण ५ आणि २५ ची बेरीज करणारं पोर तिथंच जाणार, म्हणजे कोणत्या पर्यायावर गेलं त्यावरून ते कुठं चुकलं हे कळतं. पाच प्रश्नांना घरी अर्धा तास जातो माझा. मी फ्री प्लॅन वापरते, त्यात प्रश्नांच्या एका संचात पाचच प्रश्न बसतात, मला तेवढे पुरतात, वर्गात पाच-सात मिनिटांत होतं.

एक चूक माझ्याकडून झाली ती मनाला लागून राहिलीय. पहिल्या आठवड्यात उत्साहात मी निकाल नावांसकट टीव्हीवर दाखवला. एका मुलाचं नाव सलग तीन प्रश्नांना लाल आलं, मागची पोरं हसली, चौथ्या प्रश्नाला त्याचं कार्डच दिसेना. बघते तर दप्तराखाली सरकवून ठेवलेलं. त्या दिवसापासून निकाल फक्त माझ्या मोबाईलवर, वर्गाला मी एवढंच सांगते की अजून काही जणांना अडतंय, चला परत बघू. त्याला परत मोकळेपणानं कार्ड धरायला दिवाळी उजाडली. ज्या कोणी सुरू कराल त्यांनी टीव्हीचा मोह टाळा, हात जोडून सांगते.

बाकी व्यवहारातलं. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, मी केली आणि खिडकीतलं ऊन पडलं की स्कॅनच होईना, सगळा खर्च वाया. मग साध्या कागदावर प्रिंट काढून मागं जुन्या लग्नपत्रिका चिकटवल्या, त्या आजपर्यंत टिकल्यात. मुलं कार्ड धरताना बोटानं चित्र झाकतात, कडेला धरायची सवय लावावी लागते. रेंज नसेल त्या दिवशी मी पाटीवरच उत्तर लिहून वर धरायला लावते. चारातला एक असल्यामुळं तुक्काही लागतो, म्हणून महत्त्वाची गोष्ट दोन वेगळ्या प्रश्नांतून विचारते. आणि मराठीत याचा उपयोग मर्यादितच, मूल उतारा कसा वाचतं ते शेजारी बसून ऐकल्याशिवाय कळत नाही, त्यासाठी मी कार्डं काढतच नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तिसरीच्या बाईंना एक संच करून दिला, त्यांच्या मुलांना कडेची अक्षरं फार बारीक वाटतात म्हणून पाठीमागं स्केचपेननं ए, बी, सी, डी मोठं लिहून दिलंय. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील तर फेकू नका, मला अजून एक संच करायचाय.