पोटरीचे दाबाचे मोजे: माप घेऊनच घ्या

अकरा वर्षं सिडकोत पोळी-भाजी केंद्र चालवतेय. सकाळी सहापासून तव्यापुढे उभी. डाव्या पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या आणि संध्याकाळी घोटा सुजून पाय ओढवेनासा झाला.

आधी एका दुकानातून ‘फ्री साइज’ मोजे आणले. दुपारपर्यंत वरची कड गुंडाळून गुडघ्याखाली सुतळीसारखी रुतायची. पैसे पाण्यात.

मग डॉक्टरांनी कलर डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करायला लावलं. उभं करूनच तपासलं. मॅडमनी पोटरी दाबून सोडली, तर वर गेलेलं रक्त परत खाली येताना पडद्यावर दिसलं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं की झडप गळतेय समजायचं, म्हणाल्या. माझं माहेर निफाडचं, त्यामुळे चटकन कळलं. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व गेला की पाइपातलं पाणी परत विहिरीत, तसंच हे. शिरांमध्ये दोन-दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू शीर पिळून रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत. मी जागची हलतच नाही, म्हणजे मोटार बंद. रक्त साचतं, शीर रुंदावते, पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, आणि वरची झडप गेली की सगळा भार खालचीवर.

शालिमारजवळच्या सर्जिकलवाल्यानं संध्याकाळी माप घ्यायला चक्क नकार दिला. ‘ताई, सकाळी या, सूज चढायच्या आत.’ राग आला होता, पण माणूस बरोबर होता. घोट्याचा आणि पोटरीचा घेर टेपनं मोजून क्लास टू म्हणजे मध्यम दाबाचे, गुडघ्यापर्यंतचे, बोटं उघडी असलेले मोजे दिले.

अंथरुणातून उठण्याआधीच घालायचे. पायाला प्लास्टिकची पिशवी लावून सरकवते, मग पिशवी बोटांकडून ओढून काढते. जोडवी आधी काढा! पहिल्याच आठवड्यात माझा धागा निघाला.

सूज आता जवळपास नाही. गाठी मात्र तशाच. मोजे शीर बाहेरून आवळून धरतात, झडप दुरुस्त करत नाहीत. आणि मे महिन्यात तव्यापुढे हे घालणं म्हणजे शिक्षाच, त्याचा एक स्टार कापला. शेजारच्या काकूंनाही हवे होते, पण त्यांच्या पायाला रक्तच कमी पोचतं, म्हणून डॉक्टरांनी मनाई केली. तेव्हा विचारूनच घ्या.

मला लेसरनं शीर बंद करायचं सुचवलंय. दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्या की बघते.