किडलेल्या दाढेसाठी सहा महिने होमिओपॅथी: एका उपचारक्रमाचे परीक्षण

पुण्यातील एका होमिओपॅथी दवाखान्यात किडलेल्या दातांसाठी सहा महिन्यांचा उपचारक्रम चालवला जातो. दात न कोरता आणि न काढता, केवळ नैसर्गिक औषधांनी तो आतून भरून येईल, असे आश्वासन तेथील माहितीपत्रकात दिलेले आहे. गेल्या वर्षी जून ते नोव्हेंबर या काळात मी हा उपचार पूर्ण घेतला. दवाखान्याचे नाव मी देत नाही, कारण माझा आक्षेप त्या एका डॉक्टरांपेक्षा त्या आश्वासनावर आहे आणि तसे आश्वासन इतरत्रही सर्रास दिले जाते. मात्र मला काय दिले गेले, त्यातून काय झाले आणि त्याच काळात घरी केलेल्या उपायांपैकी कशाचा किती उपयोग झाला, हे सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटते.

दुखणे खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या दाढेचे होते. तिच्या माथ्यावर मसुराच्या डाळीएवढा खड्डा पडला होता, थंड पाणी लागले की कळ येई आणि घोट गिळेपर्यंत ती थांबेही. या अवस्थेचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता. थंडाची कळ क्षणात विरते तोवर दाताच्या आतला जिवंत गर, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या असलेला भाग, बहुधा वाचवता येतो. कीड कोरून काढून सिमेंट भरले की पुरते. कळ बराच वेळ रेंगाळू लागली, गरम चहाने ठणका लागू लागला आणि रात्री झोपेतून उठवू लागला, म्हणजे तो गर सहसा परतण्याच्या पलीकडे गेलेला असतो आणि मग रूट कॅनॉल करणे किंवा दाढ काढणे एवढेच दोन मार्ग उरतात. जूनमध्ये मी पहिल्या अवस्थेत होते. ड्रिलच्या भीतीने मी दंतवैद्याकडे जाण्याचे टाळले, हेही येथे सांगितले पाहिजे.

सेवा म्हणून पाहिले तर दवाखान्यात उणे काढण्यासारखे फार थोडे आहे. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी सव्वा तास दिला. माझी झोप, तहान, आवडीनिवडी, आईच्या दातांचा इतिहास, मला कशाची भीती वाटते, हे सारे त्यांनी शांतपणे विचारले आणि स्वच्छ अक्षरात लिहून घेतले. इतक्या आस्थेने माझे बोलणे कोणत्याही डॉक्टरांनी ऐकल्याचे मला आठवत नाही. दिलेली वेळ पाळली जात असे, फोनला उत्तर मिळत असे, पावती न मागता मिळत असे. परंतु त्या सव्वा तासात दाढेकडे पाहण्यात गेलेला वेळ मोजून एक मिनिट होता. बॅटरीच्या उजेडात तोंडात डोकावून पाहिले गेले. खड्डा किती खोल आहे हे तपासले गेले नाही, एक्स-रे काढण्यास सांगितले गेले नाही, आणि पुढच्या पाच भेटींतही त्यात बदल झाला नाही. माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. दाताची कीड वरून दिसते त्यापेक्षा आत बहुधा जास्त पसरलेली असते, कारण वरचे एनॅमल कठीण असते आणि त्याखालचे डेंटिन मऊ असते.

औषधे तीन प्रकारची होती. पहिले म्हणजे क्रिओसोटम ३०, साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्यांवर. हे औषध मुळात बीचसारख्या झाडांच्या लाकडाच्या डांबरापासून करतात आणि काळ्या पडलेल्या, झिजून तुकडे पडणाऱ्या दातांसाठी होमिओपॅथीत ते फार पूर्वीपासून सांगितले जाते. दुसरे, प्लँटॅगो मेजर या वनस्पतीचे मदर टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमधला मूळ अर्क, कापसाच्या बोळ्यावर घेऊन खड्ड्यात ठेवण्यासाठी. तिसरे, कॅल्केरिया फ्लोरिका ६ एक्स या बायोकेमिक गोळ्या, एका वेळी चार, अशा दिवसातून तीन वेळा. बायोकेमिक म्हणजे बारा क्षारांपासून केलेल्या औषधांची पद्धत; ती जर्मन डॉक्टर शुस्लर यांनी १८७०च्या दशकात मांडली. एनॅमलमध्ये कॅल्शियम असते, फ्लोराइडने ते टणक होते, तेव्हा कॅल्शियम फ्लोराइडच पोटातून दिले की दात भरून येईल, हा त्यामागचा तर्क मला समजावून सांगितला गेला आणि तो ऐकताना मला पूर्ण पटला होता.

आता तोच तर्क आकड्यांत मांडून पाहते. ६ एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग. गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम धरले तर तीत कॅल्शियम फ्लोराइड एका मिलिग्रॅमचा दहा हजारावा भाग भरते आणि त्यातले फ्लोराइड जेमतेम निम्मे. आपल्याकडच्या नियमांनुसार टूथपेस्टमध्ये दर दहा लाख भागांत जास्तीत जास्त १००० भाग फ्लोराइड चालते; तशी पेस्ट वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम घेतली, तरी तीत साधारण पाच हजार गोळ्यांइतके फ्लोराइड असते आणि ते थेट दाताला लागते. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो, आणि ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. त्यात रक्तवाहिनी नाही. म्हणून मोडलेले हाड जसे सांधते तसे एनॅमल सांधत नाही, आणि पोटात घेतलेले कॅल्शियम रक्तातून त्या खड्ड्यापर्यंत पोहोचण्याची वाटच शरीरात नाही. क्रिओसोटमच्या ३० या पोटेन्सीत तर मूळ द्रव्य एकावर ६० शून्ये इतक्या पटीने पातळ केलेले असते, म्हणजे त्या गोळीत मूळ द्रव्याचा एखादा रेणूही असण्याची शक्यता उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत नाही, असा निष्कर्ष काढला होता. हे सारे मी नंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

प्रत्यक्षात झाले ते असे. जुलैच्या अखेरीस गरम चहा लागला की ठणका सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे टिकू लागला. ऑगस्टमध्ये रात्री दोन-तीनला जाग येई आणि कानापर्यंत कळ जाई. औषध लागू पडण्यापूर्वी लक्षणे वाढतात, असे मला सांगण्यात आले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपतीच्या दिवसांत, एका सकाळी ठणका पूर्ण थांबला. गरम लागेना, थंडही लागेना. डॉक्टर मनापासून आनंदले. "ताई, औषधाने काम केले. आता भरून यायला सुरुवात होईल," असे ते म्हणाले, आणि मी त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतील दोघींना दवाखान्याचा पत्ता दिला.

ती दाढ त्या दिवशी बरी झाली नव्हती. तिची नस मेली होती. जिवंत नस सुजली की ती बंद पोकळीत दाबली जाते आणि दुखते. तीच मेली की दुखणे थांबते, पण जंतू मुळांच्या टोकांतून जबड्याच्या हाडाकडे उतरत राहतात आणि काही आठवडे कळतही नाही. हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांची दाढ महिनाभर ठणकून अचानक शांत झाली असेल, त्यांनी ती शांतता बरे झाल्याची खूण समजू नये, एवढ्यासाठी मी हे सारे लिहीत आहे. नोव्हेंबरमध्ये माझ्या हिरडीवर पुळी आली, तिच्यातून पू येऊ लागला आणि गालफड सुजले. दंतवैद्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन्ही मुळांच्या टोकांशी काळसर छाया स्पष्ट दिसत होती. तीन बैठकांत रूट कॅनॉल झाले, वर कॅप बसवली. ज्या ड्रिलला मी भ्याले होते त्याने, भूल दिल्यावर, मला काहीही दुखले नाही.

घरगुती उपायांविषयीही लिहिले पाहिजे, कारण त्यांना या गोळ्यांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. लवंगेच्या तेलाने ऑगस्टच्या त्या रात्री मला खरोखर आधार दिला. त्यात युजेनॉल हे द्रव्य भरपूर असते आणि ते नसेची संवेदना काही काळ बधिर करते. झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल कालवून दंतवैद्य तात्पुरते सिमेंट करतात, आणि म्हणून त्यांच्या दवाखान्यात शिरताच लवंगेचा वास येतो. मात्र तेल थेट हिरडीला लागले तर भाजते. एकदा घाईत बोळा मोठा झाला आणि माझ्या गालाच्या आतली कातडी पांढरी पडून सोलली. खोबरेल तेलात थेंब-दोन थेंब मिसळून, छोट्याशा बोळ्याने केवळ खड्ड्यात लावावे, आणि दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंतची एक-दोन दिवसांची सोय एवढेच त्याचे काम मानावे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी हिरडीची सूज उतरते, अडकलेले कण निघतात. किडीवर त्यांचा परिणाम नाही. प्लँटॅगोच्या टिंक्चरने जी थोडी चुणचुण कमी झाली, ती त्यातल्या अल्कोहोलमुळे असावी, असे मला वाटते.

तीळतेलाचा गंडूष, म्हणजे तेल तोंडात भरून काही वेळ धरून ठेवणे, मी आजही अधूनमधून करते. तोंड स्वच्छ वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दातवण आणि तैलगंडूष या रोजच्या आचारात सांगितले आहेत, म्हणजे निरोगी माणसाने दात टिकवण्यासाठी करायच्या गोष्टी म्हणून. दात किडून पोखरल्यावर काय करावे याबाबत आपली परंपरा अगदी निराळी बोलते: सुश्रुतसंहितेत कृमिदंतासाठी, म्हणजे किडलेल्या दातासाठी, हलणारा दात उपटून ती जागा डागण्याचा उपाय आहे. पोखरलेला दात औषधाने भरून येतो असे आश्वासन तिथे नाही, ही गोष्ट नैसर्गिक उपचारांच्या नावाने परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आमच्या साताऱ्याकडे माझी आजी बाभळीची काडी चावत असे आणि तिचे दात उत्तम होते. तिची धाकटी जाऊ तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री लावत असे आणि तिच्या हिरड्या पन्नाशीच्या आतच गेल्या. दोन्ही गोष्टी तितक्याच नैसर्गिक होत्या. राखुंडी, कोळशाची पूड, लिंबू-मीठ यांनी दात उजळ दिसतात, परंतु पहिल्या दोहोंनी एनॅमल घासले जाते आणि लिंबाच्या आम्लाने ते विरघळते, तेव्हा आधीच झिजलेल्या दातांना ती लावू नयेत.

निसर्ग दात दुरुस्त करतच नाही, असे मात्र नाही. खड्डा पडण्याआधी दातावर खडूसारखा पांढरट डाग येतो. तोंडातील आम्लता वाढून पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे निघू लागतात, आणि खाणे थांबल्यावर लाळ त्यातली काही परत बसवते. दर तासाला बिस्किट किंवा गोड चहा घेतला तर लाळेला ती सवडच मिळत नाही. माझ्या भाचीच्या पुढच्या दातांवर असे दोन डाग होते. दंतवैद्यांनी फ्लोराइडचा लेप दिला, मधले खाणे बंद करायला लावले आणि वर्षभरात ते डाग टणक, गुळगुळीत झाले. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, तिथल्या कुटुंबांनी फ्लोराइड वापरण्याआधी पिण्याच्या पाण्याची तपासणी करून दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. त्या दवाखान्याने जर अशा पांढऱ्या डागांच्या टप्प्यावर आहार आणि लाळ यांविषयी सल्ला दिला असता, तर माझा अभिप्राय निराळा असता.

खर्चाचा हिशेब थोडक्यात देते. उपचारक्रमाचे सहा महिन्यांचे ८,००० रुपये गेले. त्यानंतर रूट कॅनॉल आणि कॅप यांचे ९,५०० रुपये. जूनमध्येच सिमेंट भरून घेतले असते तर त्याच दंतवैद्यांकडे १,२०० रुपयांत काम झाले असते. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही आणि म्हणून गोळ्यांकडे वळावेसे वाटते, त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हीच कामे फार कमी खर्चात होतात. रांग मोठी असते, परंतु तिथे पहिल्या दिवशी एक्स-रे निघतो.

हा उपचारक्रम खड्डा पडलेल्या दातासाठी घेऊ नये, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. एक्स-रेचे कागद घेऊन डिसेंबरमध्ये मी त्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी ते नीट पाहिले, वाद घातला नाही, आणि यापुढे दाताच्या रुग्णाला आधी दंतवैद्याचा अहवाल आणायला सांगू, असे म्हणाले. माहितीपत्रकातील वाक्य मात्र मी गेल्या आठवड्यात पाहिले तेव्हा तसेच होते. मी पत्ता दिलेल्या दोघींपैकी एकीने तोवर दोन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या होत्या. तिच्या दाढेला अजून थंड लागत होते, म्हणून मी स्वतः तिला दंतवैद्यांकडे घेऊन गेले आणि त्याच दिवशी तिचे सिमेंट भरून झाले.