गोव्यात हातात एकच दिवस: जुने गोवे की तांबडी सुर्ला?

मित्रमंडळी गाडी घेऊन आली की हा वाद ठरलेलाच. जुने गोवे पणजीपासून जेमतेम 10 किलोमीटर. 1605 मधली बॉम जेझुस बासिलिका, समोर से कॅथेड्रल, सगळं पायी फिरून होतं. मग फेरीबोटीत गाडी चढवून दिवाडी बेटावर जायचं. बोटीच्या कठड्याला टेकून मांडवीचा वारा खाणं मला चर्चइतकंच आवडतं. उशिरा उठणाऱ्यांनी हेच धरावं.

तांबडी सुर्ल्याला मात्र पहाटे निघावं लागतं, पणजीहून 65 किलोमीटर आहे. अनमोड घाटातून उतरत असाल तर मोलेवरून आत वळलात की झालं. कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, भोवती दाट रान, शेजारी नदी. गोव्यात सगळीकडे जांभा, आणि हे काळ्या बेसॉल्टचं! मंडपात बिनशिराचा नंदी आहे. त्याच्यापाशी उभं राहून वर बघा: छताच्या दगडात पाकळी न् पाकळी कोरलेलं कमळ. आमच्यातला सर्वांत बडबड्या मित्रही तिथे गप्प झाला होता. खाण्याची सोय जवळ फारशी नाही, डबा न्यावा.

माझं मत तांबडी सुर्ल्याला. सोबत म्हातारी माणसं असतील तरच जुने गोवे.