गेकोच्या अंड्यांच्या नावाखाली ₹17,250 ची टोपी

एमू झाले, कडकनाथ झाले, आता क्रेस्टेड गेको, म्हणजे पाळायची विदेशी पाल. "अंडी न्या, पिल्लं आम्हीच ₹3,500 नगाने परत घेतो" ही टेप सगळ्यांना पाठ आहे. तरी मी अडकलो. घरात रोज ऐकतोय, "पाली विकत घेणारा सोलापुरातला पहिला माणूस!"

आठ अंडी, नगाला ₹1,200, म्हणजे ₹9,600. इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, ₹6,500. वर्मिक्युलाइट, म्हणजे अंडी ठेवायला ओल धरणारं खनिज, ₹850. घरपोच ₹300. सगळे यूपीआयने. विकणाऱ्याकडे पावती मागितली तर "उद्या पाठवतो".

चीड येते ती मशीन लावलं त्या वेळेची. झाकणावरचं स्टिकर खरवडलेलं, त्यात पिवळ्या पिल्लाची अर्धी चोच शिल्लक. आकडा 37.7 अंश. आणि ट्रे अधूनमधून कर्रर्र करत कलायचा. कोंबडीचं मशीन होतं हो ते! मोहोळला मामांच्या पोल्ट्रीत असलंच आहे, म्हणून तर ओळखीचं वाटलं आणि संशय आला नाही. मी विकणाऱ्याला विचारलंही, "एवढं गरम?" तर म्हणे, "साहेब, परदेशी जात आहे, ऊब लागते." दिवसभर कापड मोजणाऱ्या माझ्यासारख्याला या गेकोच्या मुलखाची, न्यू कॅलेडोनिया बेटांची हवा कशी ठाऊक असणार?

या गेकोच्या अंड्यांना साधारण 22 ते 26 अंश पुरतात. म्हणजे आपल्याकडे एप्रिलमध्ये त्यांना गारवाच द्यावा लागेल. पारा 42 वर असताना त्या माणसाने मला ऊब विकली! वर तो कलता ट्रे. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, गेकोचं फिरवलं की आतला जीव मरू शकतो. अंडं जसं मिळालं तसंच ठेवायचं, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची.

मुळात अंडी तरी खरी होती का? नराशिवायही मादी अंडी घालते, ती वांझ निघतात. दोन-तीन आठवड्यांनी अंधारात मोबाइलचा टॉर्च मागून धरा. जिवंत अंड्यात लाल कडं, बारीक शिरा दिसतात. माझ्या आठही अंड्यांत नुसता पिवळा उजेड, मग बुरशी. एक फोडलं तर पातळ पिठल्यासारखं काहीतरी. मी फोटो पाठवले की उत्तर तयार: लाइट गेली असेल, झाकण उघडलं असेल, पाणी कमी पडलं असेल. डाव हाच आहे. मशीनच अंडी मारतं, मग ती आधीच वांझ होती हे सिद्ध कोण करणार? पिल्लू यायला दोन ते चार महिने लागतात. तोवर नंबर बंद.

पोलीस ठाण्यात हवालदार हसले. "पालीची अंडी होय? भिंतीवर फुकट फिरतात की ओ!" मग म्हणाले, व्यवहार तुमच्या मर्जीने झालाय, दिवाणी मामला आहे. वन खात्यात गेलो तर "विदेशी प्राणी, आमचा विषय नाही". पशुसंवर्धनात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. मशीन कोंबडीचं आहे म्हटल्यावर साहेब जरा खुलले, पण तेवढंच. प्रत्येक टेबलावर "पाल" म्हणताना मान खाली घालायची, मागच्या रांगेतल्यांनी फिदीफिदी करायचं, आणि शेवटी अर्ज घ्यायलाही माणूस जागेवर नाही! पोच मिळाली ती भांडून.

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, थांबू नका. चॅट पुसू नका. अंडी विकणाऱ्याच्याच जागी टॉर्चने बघून मग पैसे द्या, आणि परतखरेदीचा शब्द काढला की उठा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तिथे अर्ज टाकतोय. मशीन जपून ठेवलंय, अर्ध्या चोचीसकट.