ब्रिटिश की अमेरिकन: इंग्रजी लिहिताना कोणती धरावी?
कलर, ऑनर, लेबर या शब्दांत ब्रिटिश स्पेलिंग ‘यू’ ठेवतं, अमेरिकन गाळतं. ‘सेंटर’च्या शेवटी ब्रिटनमध्ये आर-ई, अमेरिकेत ई-आर. अमेरिकेत ही सुटसुटीत रूपं रुजण्यात अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर यांचा, विशेषतः त्यांच्या १८२८ च्या कोशाचा, मोठा वाटा आहे. मात्र सरसकट नियम करू नये. ‘ऑर्गनाइझ’मधला ‘झेड’ फक्त अमेरिकन, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. पण ब्रिटनमधले ऑक्सफर्डचे कोशही ‘एस’च्या रूपाआधी ‘झेड’चंच रूप देतात.

व्याकरणातले फरक थोडे, पण जास्त चकवणारे. ‘द टीम आर प्लेइंग वेल’ हे ब्रिटनमध्ये सहज खपतं, कारण तिथे नजर एकेका खेळाडूवर असते. अमेरिकन संपादक मात्र ‘आर’ खोडून ‘इज’ करेल. नुकतंच जेवण झालं, तर ब्रिटिश माणूस बहुधा ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणेल. अमेरिकनाला ‘आय जस्ट एट’ही पुरतं. ‘गेट’चं अमेरिकेतलं ‘गॉटन’ हे रूप अशुद्ध नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

‘कुड हॅव’ऐवजी ‘कुड ऑफ’, नुसत्या ‘डिस्कस’ऐवजी ‘डिस्कस अबाउट’ किंवा मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी, या चुका मात्र दोन्हीकडे चुकाच. त्यांना ‘आमच्याकडची पद्धत’ म्हणून सोडून देऊ नये.

निवड वाचक पाहून करावी. मला सर्वांत खटकते ती एकाच मजकुरातली सरमिसळ. लिहायला बसतानाच स्पेलचेकची भाषा ठरवून घ्या, नाहीतर बरोबर शब्दाखालीही लाल रेघ उमटत राहते.