केमोनंतर ताप: तालुक्याचा दवाखाना की थेट संभाजीनगर?

मामीच्या तिसऱ्या केमोला दहा दिवस झाले होते. रात्री साडेअकराला गेवराईहून मामाचा फोन: "अंग लई तापलंय तिचं. पॅरासिटामॉल देऊन झोपवू का?" मी म्हणालो, आधी थर्मामीटर लाव. १०१.२ निघाला.

तुमच्या घरातही केमो चालू असेल तर हा प्रश्न एक ना एक रात्री पडेल, म्हणून आमच्यापुढचे पर्याय मांडतो.

आधी घाई कशाची ते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या की शरीराला पू धरायचीही ताकद नसते. छातीच्या फोटोतही बऱ्याचदा काही दिसत नाही. अनेकदा ताप हीच एक खूण. एकदा १०१ किंवा तासभर १००.४ टिकला की दवाखाना गाठायचा, आणि पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गोळी देऊन झोपवलं तर ताप झाकला जातो, जंतू तिथंच राहतात.

तालुक्याचा खाजगी दवाखाना आमच्यापासून दहा मिनिटांवर. डॉक्टर ओळखीचे, रात्री दार उघडतात, सलाईन लागतं, बीपी बघतात. अडचण अशी की कल्चरच्या, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, बाटल्या बहुतेक ठिकाणी नसतात. शिवाय हाताशी असतं ते सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक. साध्या तापाला चांगलं, पण या रुग्णांना ज्याची खरी भीती असते त्या स्यूडोमोनास नावाच्या जंतूवर ते चालत नाही. पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखं भारी अँटिबायोटिक लागतं. आणि कमरेत इंजेक्शन देऊ देऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं. विडाल ही टायफॉईडची रक्तचाचणी करून 'टायफॉईड आहे' म्हणणारेही भेटतील. त्या एका रिपोर्टवर हा ताप टायफॉईडचा ठरवून मोकळं होता येत नाही.

घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जंतू तपासायची मायक्रोबायोलॉजी लॅब आहे, रक्तपेढी आहे, खर्च नगण्य. संभाजीनगरलाच शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. केमो तिथलं असेल तर फाईल तिथंच, हा मोठा फायदा. पण सरकारी अपघात विभागातली गर्दी कुणाला नवीन नाही. पेशी नसलेला माणूस खोकणाऱ्यांच्या रांगेत बसवायचा नसतो. दारातच मोठ्यानं सांगा, "केमोचा पेशंट आहे, ताप आहे." मास्क लावा. बाटल्या लॅबला कुणी न्यायच्या तेही विचारून ठेवा, कारण ते काम बऱ्याचदा नातेवाइकावर येतं. त्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात. मामा ठेवायला निघाला होता.

मोठ्या खाजगी हॉस्पिटलात वेगळी खोली, आयसीयू, रात्रीचं सीटी. चार ते सात दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप हटला नाही की बुरशीचा संशय येतो. मग छातीचं एचआरसीटी म्हणजे बारकाईचं सीटी स्कॅन, रक्तात बुरशीची खूण शोधणारी गॅलॅक्टोमॅनन तपासणी, गरजेनुसार ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध. २०२१ ला म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी या औषधाचं नाव घरोघरी पोचलं होतं. हे तालुक्याला होत नाही. मात्र डिपॉझिट लागतं. महात्मा फुले योजनेत ते हॉस्पिटल बसतं का, हे दारात नाही, फोनवरच विचारा. आणि आयसीयू सरकारी असो की खाजगी, तिथले क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू चिवट असतात. कधी मेरोपेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. काचेची इमारत बघून ही भीती सोडू नका.

यात कल्चर इतकं का घोळवतोय? सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन या रक्तचाचण्या एवढंच सांगतात की आत काहीतरी पेटलंय. जंतूचं नाव आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे कल्चरच सांगतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त. "आधीच अंगात रक्त नाही, अजून काढताय?" असं मामी म्हणाली, सगळेच म्हणतात. काढू द्या. पोर्ट (केमोसाठी कातडीखाली बसवलेली नळी) असेल तर एक नमुना त्यातून, एक हातातून. आणि हे अँटिबायोटिकच्या आधी.

आम्ही काय केलं? तालुक्याला गेलो, केमोच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी सांगितलेला पहिला डोस बारा वीसला शिरेतून गेला, मग गाडी संभाजीनगरकडे. कल्चर पहाटे घेतलं. रिपोर्ट आला, 'वाढ नाही'. डोस आधी गेला होता, त्यामुळे या 'नाही'वर फार विसंबता येईना, आणि पेशी वर येईपर्यंत तेच भारी औषध चालू ठेवावं लागलं. तरी पुन्हा तेच करीन. बाटल्यांसाठी डोस दोन तास लांबवणं मला पटत नाही.

पैठण, गंगापूर, बदनापूरवाल्यांनी थेट निघावं. तासाभराचा रस्ता आहे. रुग्ण गळून गेला असेल, लघवी कमी झाली असेल, बडबडत असेल तर १०८ बोलवा. किनवट-माहूरहून नांदेड गाठायचं असेल तर पहिला डोस जवळच घ्या, मग निघा. लातूर, अंबाजोगाई, नांदेडलाही सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. प्रत्येक वेळी संभाजीनगरच कशाला? केमोच्या डॉक्टरांकडून मात्र 'ताप आल्यास पहिलं इंजेक्शन हे' अशी चिठ्ठी डिस्चार्जच्याच दिवशी लिहून घ्या. मामीची आता फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे, खाली रात्री उघडं असणाऱ्या मेडिकलचा नंबर.