सड्यावरची फुलबाग : शरदातल्या लागवड-सेवेचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

कोकणात झाड लावायचे म्हटले की मृगाचा पाऊस आठवतो, आणि आंबा, काजू, नारळ यांच्या बाबतीत ते योग्यही आहे. फुलबागेची आखणी पावसात आणि लागवड मात्र पाऊस ओसरल्यावर, शरदात करून देणारी एका रोपवाटिकेची सेवा आम्ही गेल्या वर्षी घेतली. लागवडीला आता आठ महिने झाले असून मधला उन्हाळा आणि यंदाचे पहिले मोठे पाऊस बागेने पाहिले आहेत, त्यामुळे आता अभिप्राय लिहिण्यात अर्थ आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि एका घराच्या अनुभवावरून कुणाच्या धंद्यावर शिक्का मारणे मला पटत नाही.

आमचे घर रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावस गावाच्या बाजूला, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेवर आहे. खाली कातळ, त्यावर कुठे वीतभर तर कुठे हातभर तांबडी माती, आणि पश्चिमेकडून थेट समुद्राचा वारा. घराभोवतीच्या जागेपैकी साधारण दोन गुंठे बागेसाठी ठेवलेले होते. यापूर्वी आम्ही दोनदा स्वतः झाडे लावली आणि दोन्ही वेळा ती गमावली: एकदा पावसात मुळे कुजून, एकदा मे महिन्यात करपून.

नोंदणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात केली, तेव्हा गणपतीनंतर कुणीतरी जागा पाहायला येईल अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आखणी करणाऱ्या बाई त्याच महिन्यात, छत्री उलटी होईल अशा वाऱ्यात आल्या आणि तासभर नुसत्या फिरत राहिल्या. जिथून पाणी वाहत होते आणि जिथे ते साचत होते, तिथे त्यांनी बांबूच्या काठ्या रोवून घेतल्या. या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे कुणी विचारले तर मी ही पावसातली फेरी सांगेन. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. जांभा दगड सच्छिद्र असला तरी सड्याचा वरचा थर टणक असल्यामुळे पाणी मुरण्याआधी धावते आणि जाताना मोकळी माती बरोबर नेते. ऑक्टोबरात कोरड्या अंगणात उभे राहून यातले काहीही दिसत नाही. पाण्याची वाट कुठली, हे पाहिलेले असल्यामुळेच त्या वाटेवर एकही खड्डा पडला नाही. जिथे पाणी दोन-दोन दिवस साचते तिथे कर्दळ आणि लिली आल्या, ज्यांना ओल्या पायांचे काही वाटत नाही, आणि मोगरा चिऱ्यांच्या वाफ्यात हातभर उंच चढला.

आराखडा आलेखाच्या कागदावर हाताने काढलेला होता. दिसायला तो साधाच, पण त्यावर ऑक्टोबर, डिसेंबर आणि मे अशा तीन वेळची उन्हे वेगवेगळ्या रंगांत दाखवली होती. हा भाग मला नवा होता, म्हणून थोडा सविस्तर सांगते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तर बाजूला ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत चांगली सावली असते, आणि तिथे नेचे, अँथुरियम किंवा कॅलाथिया लावावेत असे कुणालाही वाटेल. रत्नागिरी साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे तो आमच्या उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरची सावलीची जागा मे महिन्यात उघडी पडते. शरदात बाग लावणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते, आणि पूर्वी आमची झालेलीही हीच होती. या वेळी सावलीची झाडे पूर्वेच्या पडवीच्या पागोळीआड, फणसाच्या सावलीत गेली आणि उत्तरेच्या पट्ट्यात तगर व सदाफुली आली. यंदाच्या मे महिन्यात तिथले एकही झाड करपले नाही.

झाडांच्या निवडीत बाईंचे मत ठाम होते आणि बहुतेक ठिकाणी मला ते मान्य आहे. पश्चिमेला खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर कण्हेर आणि बोगनवेल, त्यांच्या मागे एक्झोरा, जास्वंद आणि अबोली, आणि सर्वांत आत, घराच्या आडोशाला अनंत. कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात, म्हणून ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत, शेजाऱ्यांच्या गुरांच्या तोंडाला लागणार नाही अशा अंतरावर लावायची, हे त्यांनी न विचारता सांगितले. एक्झोऱ्याला आम्लधर्मी माती लागते आणि चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. आमच्या तांबड्या मातीत तो मात्र कसलेही लाड न करता वाढतो, आणि आजघडीला बागेत सर्वांत तजेलदार तोच आहे. सोनचाफ्याचे कलमच घ्या, बियांपासूनच्या झाडाला फुलासाठी अनेक वर्षे थांबावे लागेल, असेही त्यांनी बजावले होते, आणि कलमाने यंदा वैशाखातच चार फुले दिली. सासूबाईंना सुरंगी, म्हणजे गजऱ्याच्या सुवासिक फुलांचे झाड, हवी होती. सुरंगी फार सावकाश वाढते, तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असू शकतात आणि रोप पाहून ते कळत नाही, हे सगळे त्यांना समजावून सांगण्यात आले. "मला गजरा नको, झाड हवे आहे," असे त्या म्हणाल्या, आणि सुरंगी लागली.

गुलाबाबद्दल मात्र माझी नाराजी आहे. आमच्याकडची दमट हवा आणि पानांवर पडणारे काळे ठिपके पाहता गुलाब इथे टिकत नाही, हे आखणी करणाऱ्या बाईंना माहीत होते आणि आराखड्यात तो नव्हता. रोपे आणायला आम्ही रोपवाटिकेत गेलो तेव्हा तिथल्या विक्रेत्याने चार गुलाब गाडीत चढवले, आणि फुललेले झाड पाहून मीही भुलले. चारही गेले. आखणी एका हाताची आणि विक्री दुसऱ्या हाताची असली की असे होते.

लागवडीच्या तारखेबद्दलही लिहिले पाहिजे. दिवाळीपूर्वी बाग उभी राहावी असा आमचा आग्रह होता. मुकादमाने पहिल्याच भेटीत सांगितले, "वैनी, कापणी आटपल्याशिवाय गडी गावायचे नाहीत." ऑक्टोबरात भात पिकून उभे असते, हस्त-चित्राच्या दुपारच्या गडगडाटी सरी ते कधी आडवे करतील याचा नेम नसतो, आणि त्या दिवसांत कोकणातला माणूस दुसऱ्याच्या अंगणात खड्डे खणायला येणार नाही, त्याने येऊही नये. खड्डे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पडले आणि रोपे नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागली. ऑक्टोबरची काहिली त्यामुळे आपोआप टळली, आणि थंडीतल्या दवात रोपांनी मूळ धरले. उशीर झाला याबद्दल तेव्हा मी बरीच कुरकुर केली होती, ती आता मागे घेते.

खड्ड्यांचे काम चोख होते. मोठ्या झाडांसाठी दोन फूट लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे घेतले, तळाशी पालापाचोळा, वर शेणखत, पोयट्याची माती आणि थोडी निंबोळी पेंड. आठ ठिकाणी हातभरावर कातळ लागला आणि पहारीचे काम ब्रेकरवर गेले. त्याचे 8,500 रुपये अंदाजपत्रकात नव्हते. सड्यावर कातळ लागणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ही रक्कम आधीच कळवायला हवी होती.

हंगामी फुलांविषयी थोडक्यात: झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस उत्तम आले, पिटुनिया फेब्रुवारी संपेपर्यंतच टिकल्या, आणि ग्लॅडिओलसच्या कंदांनी अडीच-तीन महिन्यांत दांडे दिले. निशिगंधाचे कंद मागितले तेव्हा ते उन्हाळ्याच्या अखेरीस लावायचे असतात असे सांगून परत पाठवले. हातची विक्री सोडून खरे सांगितले, याची नोंद घ्यावीशी वाटते.

आता मुख्य तक्रार. 16 मोगऱ्यांपैकी सात पावसाच्या आधीच वाळले, तेही नियमित पाणी असताना. उपटून पाहिले तर मुळांभोवती पिशवीतला काळ्या चिकण मातीचा गोळा विटेसारखा घट्ट झालेला होता आणि एकही मूळ त्याच्या बाहेर तांबड्या मातीत आलेले नव्हते. कोकणातल्या रोपवाटिकांत शोभेची पुष्कळ रोपे घाटावरून किंवा आंध्रातल्या कडियमहून येतात, आणि अशा भारी मातीत वाढवलेले रोप आमच्या भुसभुशीत मातीत ठेवले की भोवतीची जमीन ओली असूनही आतला गोळा कोरडाच राहतो. यावर उपाय अगदी साधा आहे. लावण्यापूर्वी पिशवीसकट रोप बादलीत भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवायची, कडेची गुंडाळलेली मुळे मोकळी करायची, किंवा मुळात तांबड्या मातीत वाढलेली स्थानिक रोपेच घ्यायची. अबोली आणि जास्वंद स्थानिक होती, त्यांतले एकही मेले नाही. गड्यांनी मोगरा पिशवी फाडून थेट खड्ड्यात ठेवला, आणि त्या दिवशी देखरेखीला रोपवाटिकेचे कुणीही नव्हते. आखणीत जेवढी काळजी दिसली, तिचा निम्मा वाटा जरी लागवडीच्या दिवशी दिसला असता, तरी हे नुकसान टळले असते.

शरदातल्या लागवडीची खरी परीक्षा पाण्याची असते, कारण नोव्हेंबर ते जूनच्या पहिल्या सरीपर्यंत आभाळातून काहीही मिळत नाही आणि एप्रिलनंतर विहिरीचा तळ दिसू लागतो. आमच्याकडे तासाला चार लिटरच्या तोट्यांचे ठिबक बसवून दिले. प्रत्येक झाडाभोवती नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची सालपटे, पुरली आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले. सोडणांची युक्ती माडाच्या बागेतली, पण जास्वंदीलाही ती तितकीच मानवली. मे महिन्यात आम्ही दिवसाआड पाणी देऊन निभावले. आच्छादन खोडापासून चार बोटे दूर ठेवायचे असते, नाहीतर वाळवी चढते, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नाही. दोन अनंत त्यात गेले.

हिशेब असा आहे. आराखड्याचे 3,500 रुपये नंतर बिलातून वजा झाले. अंदाजपत्रक 58,000 रुपयांचे होते, ब्रेकर धरून 66,500 झाले. 118 झाडांपैकी 13 गेली, म्हणजे सात मोगरे, चार गुलाब आणि दोन अनंत. सहा महिन्यांच्या आत मेलेले झाड बदलून देण्याची हमी लेखी होती, आणि मोगऱ्यांच्या बाबतीत ती वाद न घालता पाळली गेली. नवी सात रोपे जूनमध्ये आली, या वेळी तांबड्या मातीतली. अनंत वाळवीने गेल्यामुळे हमीत बसत नाहीत असे त्यांचे म्हणणे आहे. आच्छादनाची सूचना देणे कुणाचे काम होते, एवढाच प्रश्न मी परत विचारला असून उत्तर अद्याप आलेले नाही.

पाच ताऱ्यांपैकी आखणीला मी पाच देईन आणि लागवडीला अडीच. यंदा शरदात बाग लावायची असेल, तर पाऊस चालू असतानाच जागा दाखवावी, अंदाजपत्रकात कातळाचा खर्च वेगळा लिहून घ्यावा, प्रत्येक रोप कोणत्या मातीत वाढले आहे ते पिशवीला बोट लावून पाहावे, आणि लागवडीच्या दिवशी घरातल्या कुणीतरी खड्ड्यापाशी उभे राहावे. आमच्या उरलेल्या पट्ट्याच्या आखणीसाठी त्याच बाई पुढच्या आठवड्यात येणार आहेत. बांबूच्या काठ्या मी तोडून ठेवल्या आहेत.